गाडी कोणी घातलीनी?

माझ्या नोकरीच्या काळात आमच्या रत्नागिरीच्या कोर्टात एकही वाहन हळू आलं नाही. ट्रक भरधाव, टेम्पो भरधाव, रिक्षा भरधाव, लग्नाच्या वऱ्हाडाची जीप तर भरधाव असायचीच. एकदा रोडरोलर आला. रस्त्याच्या कामावरचा रोडरोलर उतारावर मागे सरकला आणि एका हॉटेलवाल्याच्या बाकड्यावर चढला. बाकड्यावर बसलेला माणूस चहाचा कप हातात घेऊन वेळेवर उठला, पण पळताना ठेच लागून त्याच्या पायाचा अंगठा सुजला. फिर्यादीत स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, 'सदर चालकाने आपल्या ताब्यातील रोडरोलर भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणाने चालवून...' मी ते वाचून दाखवायला उभी राहिले नि माझं मलाच हसू आवरेना. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "बाई, रोलर भरधाव गेलेला मला एकदा बघायचा आहे."

मी सहायक सरकारी वकील होते. पोलिसांनी आरोपपत्र पाठवायचं आणि मी ते मॅजिस्ट्रेटसमोर शाबित करायचं, ही माझी नोकरी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा आमच्याकडे बाई वकील दिसली की लोक वळून बघत, आणि सरकारी वकील बाई आहे म्हटल्यावर आरोपी मनातून खूश होत. बाईमाणूस आहे, सोडील. ती समजूत साधारण पहिल्याच उलटतपासणीत उतरायची. चोऱ्या, मारामाऱ्या, गावठी दारू, बागेच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, झालेली शिवीगाळ, सगळंच माझ्याकडे यायचं. पण मला अपघाताच्या केसेस विशेष आवडत. त्यातला आरोपी गुन्हेगार नसतो हो. घरी बायकोला घाबरणारा, देवळात चपला नीट जोडीने काढणारा साधा माणूस असतो. स्टिअरिंग हातात आलं की त्याच्या अंगात येतं, एवढंच.

कायदा काय म्हणतो तेही सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं, वेग म्हणजे गुन्हा. तसं नाही. समोर काय आहे ते ड्रायव्हरला दिसत होतं, काय होईल ते कळत होतं, आणि तरीही त्याने गाडी रेटली, हे मला शाबित करावं लागतं. माणूस जबर जखमी झाला तर शिक्षा वेगळी, दगावला तर त्याहून मोठी. कैद, दंड, वर लायसन जातं ते वेगळंच. ड्रायव्हरला कैदेपेक्षा त्या लायसनची धास्ती जास्त, कारण ते गेलं की चूल थंड. पण आमच्या पोलिसांना 'भरधाव' हा एकच शब्द पाठ. मग आरोपीचा वकील नेमका तोच धरायचा.

"भरधाव म्हणजे किती?" असं एका वकिलांनी बागेतल्या एका गड्याला विचारलं.

"म्हंजे झुम्म!"

"झुम्म म्हणजे ताशी किती मैल?"

"तुमी रस्त्याच्या मदी उबे ऱ्हावा, मग सांगतो."

टाइपिस्टने माझ्याकडे बघितलं. 'झुम्म' टाइप करायचं की नाही? मी म्हटलं, कर, साक्षीदाराचे शब्द आहेत. दुसरा एक मालगुंडकडचा टेम्पोवाला. मासळी घेऊन येताना त्याने वळणावर एका सायकलवाल्याला काजूच्या झाडात घातला. त्याचा बचाव असा की, "गाडी मी नाय पळवली साहेब, बर्फानं पळवली. बर्फ थांबतो काय माझ्यासाठी?" तेही मान्य केलं असतं, पण निकाल वाचायला सुरुवात झाली आणि हा हात जोडून म्हणतो, "साहेब, जरा आटपा, बाहेर टेम्पोत सुरमई आहे." साहेबांनी दंड ठोठावला, आणि तोही सावकाश वाचून. मला अजून ती केस आठवली की हसू येतं.

आता डांबराचं सांगते. आज हायवे चौपदरी झालाय, पोरांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा आमच्याकडचे बरेचसे रस्ते एका गाडीपुरते. मध्ये डांबराचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना जांभ्याची तांबडी साइडपट्टी, ती डांबरापेक्षा वीतभर खाली. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकाने डांबर सोडून खाली उतरायचं. कोणी उतरायचं? तिथेच सगळं रामायण. जो उतरला तो कमी, अशी ह्या पुरुषांची समजूत. ट्रकवाला जीपसाठी उतरणार नाही, जीपवाला रिक्षासाठी नाही, आणि सायकलवाला बिचारा सगळ्यांसाठी उतरायचा. काही ड्रायव्हर तर 'डांबर न सोडणारा' म्हणून अभिमानाने ओळखले जात. लग्नात त्यांची ओळखही तशी करून देत. मला विचाराल तर आमच्या निम्म्या केसेस वेगाच्या नव्हत्याच. ह्या हट्टाच्या होत्या. पण हट्टाला पोलिसांकडे शब्द नव्हता, म्हणून तेही 'भरधाव'.

सदूची केस तसलीच.

हातखंब्याच्या बाजूचं एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथल्या आंब्याच्या बागायतदारांना आपण आप्पासाहेब म्हणू. ऐन मे महिन्यात त्यांचा ट्रक आंब्याच्या पेट्या भरून चालला होता. ट्रकमध्ये दोघे, आप्पासाहेबांचा धाकटा मुलगा विलास आणि पगारी ड्रायव्हर सदू. चढाचा रस्ता. समोरून शाळेतले गुरुजी सायकलवर उतरत होते. ते नेमके मोरीवर आले, म्हणजे लहान पुलावर. तिथे त्यांच्या बाजूला कठडा, कठड्याखाली कोरडा व्हाळ, म्हणजे ओढा. त्यांना सरकायला चार बोटंसुद्धा जागा नाही. ट्रकच्या बाजूला मात्र मोरीच्या अलीकडे साइडपट्टी ही एवढी रुंद, बैलगाडी वळेल अशी. ट्रकने हॉर्न दिला, दिला, देतच राहिला, पण डांबर काही सोडलं नाही. ट्रकच्या फळीची कड सायकलच्या हँडलला लागली आणि गुरुजी सायकलीसकट व्हाळात. गुडघ्याची वाटी फुटली. पुढच्या आयुष्यात काठी आली.

पोलिसांनी सदूला आरोपी केलं. त्यानेही 'मीच चालवत होतो' म्हणून सांगितलं. आरोपपत्रात अर्थात 'भरधाव'. भरलेला ट्रक चढावर भरधाव!

माझा एक रिवाज होता. अपघाताची जागा मी स्वतः जाऊन बघायची. माझे यजमान शाळेत शिक्षक, त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जायची, आणि ते वाटभर मला 'हळू चालवतोय हं, वकीलबाई' असं ऐकवायचे. त्या मोरीवर मी उभी राहिले आणि मला केस स्वच्छ दिसली. वेग विसरा. ह्या ड्रायव्हरला गुरुजी लांबून दिसले होते. त्यांना हलायला जागा नाही हेही दिसत होतं, आणि स्वतःला हवी तेवढी जागा होती. तरी हा उतरला नाही. अविचार म्हणजे तरी दुसरं काय? मी मनात म्हटलं, सदूमहाराज, सुटत नाही तुम्ही.

कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर सदूचे वकील भेटले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. पांढऱ्याशुभ्र केसांचे, गोड बोलणारे, आणि आप्पासाहेबांचे घरचे वकील. मला म्हणाले, "बाई, पोराला जरा सांभाळून घ्या. सरकारी दवाखान्याच्या अँब्युलन्सवर ड्रायव्हर म्हणून नाव लागलंय त्याचं. ह्या केसपायी नेमणूक अडकलीये. शिक्षा झाली तर गेली जागा."

"अहो भाऊसाहेब, मी त्याला अडकवण्याचा पगार घेते. सोडवण्याचा तुम्ही घेता."

"घेतो, पण आप्पासाहेबांकडून," ते म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. तेव्हा मला ते बोलणं नुसतं मिश्कील वाटलं.

मॅजिस्ट्रेट नुकतेच बदलून आलेले, सोलापूरकडचे. तरुण, हुशार, आणि आमच्या बोलीपुढे अगदी हैराण. 'व्हाळ' म्हणजे काय, 'गडगा' म्हणजे काय, सगळं विचारून घ्यायचे. आमची माणसं बोलताना शेवटचा शब्द नाकातून गुंडाळून टाकतात, तो त्यांना पकडायला मिळायचा नाही. साक्षीदार बोलला की ते स्वतः शुद्ध मराठीत टाइपिस्टला सांगायचे आणि तेच कागदावर यायचं.

पहिली साक्ष गुरुजींची झाली. काठी टेकत आले, पिंजऱ्यात उभे राहिले, आणि सायकल नवी होती हे त्यांनी तीनदा सांगितलं. मोरी, कठडा, मोकळी साइडपट्टी, सगळं व्यवस्थित आलं. ड्रायव्हर कोण होता ते मात्र त्यांना सांगता येईना. ट्रकच्या काचेवर ऊन चमकत होतं, आणि पडताना चष्मा उडाला होता.

"मग तुम्ही पाहिलंत तरी काय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"व्हाळातून चष्मा शोधून घातला तेव्हा ट्रकची मागची बाजू दिसली. त्यावर लिहिलं होतं, पुन्हा भेटू. मी मनात म्हटलं, नको."

सगळं कोर्ट हसलं. सदूसुद्धा हसला आणि लगेच त्याने मान खाली घातली. मी बघत होते त्याच्याकडे. चांगला धिप्पाड पोरगा, इस्त्रीचा शर्ट, आणि तोंडावर असा भाव की देवाचं बकरं बरं. मागच्या बाकावर आप्पासाहेब आणि विलास बसले होते. विलासने काळा गॉगल लावला होता. कोर्टात गॉगल! मला तेव्हाच त्याचा राग आला होता, उगाच खोटं कशाला सांगू.

गुरुजींच्या साक्षीने माझी केस भक्कम झाली. म्हणजे काय झालं, तर मी जितकी चांगली केस चालवत होते तितका सदू गाळात जात होता. आता एकच साक्षीदार बाकी होती, सगुणाकाकी. सदूच्याच वाडीतली कुणब्याची म्हातारी, आप्पासाहेबांच्या बागेत कामाला. त्या वेळी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन मोरीच्या पलीकडे उभी होती. सगळं तिने डोळ्यांनी बघितलेलं. पण साक्षीआधी व्हरांड्यात ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाय, मी खोटं बोलायची नाय. पन मी कुनाचं नाव घ्यायची नाय. सदूनं माझ्या पायावर हात ठेवून शपथ घातलीन हाय."

मी म्हटलं, आरोपी गावातलाच, म्हणून म्हातारीचा जीव अडकला असेल. नाव घेतलं नाही तरी माझं काही अडत नव्हतं. सदू चालवत होता हे तो स्वतःच कबूल करत होता. मला फक्त ट्रकने डांबर सोडलं नाही एवढं हवं होतं.

सगुणाकाकी पिंजऱ्यात चढली. नऊवारी लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, आवाज खणखणीत. देवाची शपथ घेतल्यावर तिने दोन्ही हात कानाला लावले, ते शिपायाने सांगितलं नव्हतं. मी विचारायला सुरुवात केली.

"काकी, काय बघितलंत ते सांगा."

"गुरुजी मोरीवर व्हते. त्यांस हलायला जागा नाय. गाडीवाले हार्न मारत व्हते. मी वरडले, अवो थांबा! पन गाडी तशीच घातलीनी. मंग सदू टुनकन उतरला. व्हाळात उडी मारलीन, गुरुजींस उचललान, पानी दिलान."

साहेब टाइपिस्टला सांगू लागले, "त्याने गाडी तशीच..." आणि थांबले. "आजी, परत सांगा. गाडी काय केली?"

"घातलीनी."

"घातलीनी म्हणजे त्यांनी घातली? ट्रक किती जण चालवत होते?"

"किती म्हंजे? येकच."

"मग 'त्यांनी' कसं?"

काकीने माझ्याकडे बघितलं. हा कुठला अडाणी साहेब आणलात, असा तो चेहरा. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगो बाई! मी इथे जन्मले, वाढले, आणि माझ्या कानांना ते ऐकून काही वाटलंच नव्हतं, इतकं ते रोजचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या रत्नागिरीकडे क्रियापदाच्या शेपटाला माणूस चिकटलेला असतो. बरोबरीच्या किंवा लहान माणसाने केलं तर 'केलंन'. मोठ्या, मानाच्या माणसाने केलं तर 'केलंनी'. नाव घ्यावंच लागत नाही. माझ्या सासूबाई ह्या एका शेपटावर सगळं घर चालवत. 'चहा केलान' म्हणजे मी. 'निरोप पाठवलानी' म्हणजे जावई. दोन्हीकडच्या पाहुण्यांना आपली पायरी तेवढ्यात कळायची. आणि इथे काकीने सदूला 'उचललान', 'दिलान' म्हटलं होतं. गाडी घालणाऱ्याला मात्र 'घातलीनी'.

मी साहेबांना हे समजावून सांगू लागले तसे भाऊसाहेब उठले. गोड हसून म्हणाले, "साहेब, खेडवळ बोली आहे. ही माणसं कशाला काहीही प्रत्यय लावतात. त्याचा एवढा अर्थ काढू नये."

माझं डोकंच फिरलं. "काहीही? भाऊसाहेब, तुमच्या घरी परवा मी हळदीकुंकवाला आले होते. वहिनी म्हणाल्या, 'ह्यांनी नवीन पंखा आणलानी.' त्या काहीही बोलत होत्या काय?"

पुन्हा हशा. साहेबांनी हातोडी नसल्यामुळे पेपरवेट आपटला. पण त्यांना मजा येऊ लागली होती हे दिसत होतं. ते खुर्चीत पुढे सरकले. "थांबा दोघेही. मी आजींनाच विचारतो. आजी, समजा ह्या सदूने भात खाल्ला. तर तुम्ही काय म्हणाल?"

"सदूनं भात खाल्लान."

"आणि आप्पासाहेबांनी खाल्ला तर?"

"धन्यांनी भात खाल्लानी."

"मी खाल्ला तर?"

"सायबांनी खाल्लानी."

"आणि ह्या वकीलबाईंनी?"

काकीने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "बायनं खाल्लान," ती म्हणाली.

टाइपिस्ट हसताना खोकायला लागला. मलाही हसू आलं. काळा कोट घालून, सरकारचं शिक्कामोर्तब घेऊन उभी असलेली मी, आणि म्हातारीने मला एका घासात आपल्या सुनांच्या पंगतीत बसवलं. अपमान झाला असं वाटलं नाही. उलट आत कुठेतरी बरं वाटलं.

"आजी," साहेब आता हलक्या आवाजात म्हणाले, "सदूने गाडी घातली असती तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

"घातलीन म्हटलं असतं," काकी सहज बोलून गेली.

आणि मग तिला कळलं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. लगेच सदूकडे वळून रडवेल्या आवाजात सांगितलं, "सदू, मी नाव घेतलं नाय हां! शपथ मोडली नाय मी!"

आता ह्यावर काय बोलणार? खरंच तिने नाव घेतलं नव्हतं. नवऱ्याचंसुद्धा नाव कधी न घेता संसार केलेली बाई ती. नाव न घेता माणूस नेमका दाखवायचा, हे तिला जन्मभराचं सवयीचं.

मागच्या बाकावरून विलास उठला आणि दाराकडे निघाला. साहेब म्हणाले, "बसा. आपण बसा." त्यांनी 'आपण' असं काही लांबवून म्हटलं की पोरगा होता तिथेच टेकला. गॉगल काढला. आप्पासाहेब समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

भाऊसाहेब मुरलेले. शांतपणे म्हणाले, "साहेब, सगळं मान्य. पण प्रत्ययाला पिंजऱ्यात उभं करता येत नाही. माझा अशील स्वतः सांगतोय, मी चालवत होतो. त्याच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत?"

आणि ते कायद्याने बरोबर होतं. म्हातारीच्या बोलण्यावरून शंका आली, पण सदू 'मीच' म्हणून अडून बसला तर शंकेचं करायचं काय? आमच्याकडे हे नेहमीचं होतं. मालकाच्या मुलाने गाडी ठोकायची आणि पगारी ड्रायव्हरने केस अंगावर घ्यायची. मालक वकील देतो, दंड भरतो, पाठ थोपटतो. विलासकडे जीपचं लायसन होतं, ट्रकचं नव्हतं. तो चालवत होता असं निघालं तर विम्याची कंपनी हात वर करणार, गुरुजींची भरपाई आप्पासाहेबांच्या खिशातून जाणार, आणि बिनलायसनच्या माणसाला ट्रक दिला म्हणून आप्पासाहेबांवर वेगळा खटला. सदूच्या बापाच्या आजारपणात आप्पासाहेबांनी केलं होतं, त्या उपकाराची ही परतफेड. फक्त त्या परतफेडीत सदूचं लायसन आणि अँब्युलन्सची जागा दोन्ही जात होती, आणि ते त्या घरातल्या कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. मला मनापासून चीड आली. आणि माझी पंचाईत बघा, ज्याला मी पिंजऱ्यात ठेवलं होतं त्याने सुटावं म्हणून मीच देवाला हात जोडत होते.

खटल्याच्या मध्येच आरोपीला खुलासा विचारायचा अधिकार मॅजिस्ट्रेटला असतो. साहेबांनी तो वापरायचं ठरवलं. त्यावर सदू काय बोलला ते सांगण्याआधी पुढचं सगळं उरकून टाकते, कारण मागाहून ते सांगण्यात काही मजा नाही.

मी तिथल्या तिथे अर्ज दिला. पुराव्यात दुसऱ्याच माणसाचा गुन्हा दिसला तर कोर्ट त्याला आरोपी म्हणून बोलावू शकतं, तशी कायद्यात सोय आहे. विलासला समन्स गेलं, त्याच्यापुरती केस पहिल्यापासून चालली आणि शिक्षा झाली. अपिलात कैद रद्द झाली, दंड कायम राहिला. मला ते रुचलं नाही, आजही रुचत नाही. गुरुजींची वाटी काही अपिलात जुळून आली नाही. पण त्यांची भरपाई आप्पासाहेबांना द्यावी लागली, आणि आप्पासाहेबांनी ट्रकच्या चाव्या स्वतःच्या कमरेला बांधल्या, असं ऐकलं. सगुणाकाकीला बागेतून कमी केलं नाही. पेट्या भरताना तिच्यासारखा हात दुसरीचा चालत नव्हता, म्हणून धन्यांनी स्वतः बोलावणं धाडलंनी. सोलापूरच्या साहेबांना आमच्या बोलीचा नाद लागला. बदली होऊन गेले तेव्हा निरोपाच्या भाषणात म्हणाले, "बाईंनी मला मराठी शिकवलीनी." मी 'नी'चा मान तेवढा एकदाच मिळवला. सदूला साहेबांनी कोर्टाशी खोटं बोलल्याबद्दल असा काही झापला की त्याचे कान लाल झाले. मग निर्दोष सोडलं, आणि पुढच्या पावसाळ्याआधी तो अँब्युलन्सवर रुजू झाला.

तर खुलासा. साहेबांनी सदूला पुढे बोलावलं.

"ट्रक तू चालवत होतास?"

"होय साहेब."

"समोर गुरुजी दिसले?"

"दिसले."

"ते मोरीवर आहेत, त्यांना सरकायला जागा नाही, हे कळलं?"

"कळलं."

पढवलेलं सगळं तो बरोबर बोलत होता. एकेक उत्तर म्हणजे त्याच्या पायात एकेक बेडी, आणि ती ठोकणारी साक्ष मीच आणलेली.

"तुझ्या बाजूची साइडपट्टी मोकळी होती?"

"होती साहेब. चांगली रुंद होती."

"मग ट्रक खाली का नाही घेतलास?"

सदूने मागे धन्यांकडे बघितलं. मग गुरुजींकडे बघितलं. ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते. भाऊसाहेब घाईने उठले, "साहेब, माझा अशील गोंधळलेला आहे." साहेबांनी त्यांना हातानेच खाली बसवलं.

"दुसरं काहीही माझ्या नावावर लिवा साहेब," सदू म्हणाला. "पण हे नको. मी चालवत असतो तर डांबर सोडलं असतं."